आपलं बळ ओळखा, त्याची जागाही ओळखा

(विहाराच्या वर्धापनदिनी निमगाव सावा येथे झालेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे तो असा : कार्यकर्त्याने स्वतःचे गुण कसे ओळखावेत आणि त्यातून नेतृत्व कसे घडवावे. विषय मोठा आहे आणि आमचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं जे काही शिक्षण झालं ते गिरणीची पाळी सुटल्यावर वाचनालयात, आणि दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथं. तेव्हा आम्ही पंडितासारखं बोलणार नाही. जे भोगलं, जे चुकलं आणि त्यातून जे उमगलं, तेवढंच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

हा विषय निघाला कसा, तेही सांगतो. मागे ग्रंथवाचन संपल्यावर आपल्यातल्याच एका मुलीने आम्हाला विचारलं, "काका, समितीत यायचं तर भाषण करता यायला पाहिजे ना? मला माईक हातात घेतला की घाम फुटतो. मग मी काय कामाची?" आम्ही त्या वेळी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं, पण घरी गेल्यावर झोप लागेना. कारण तिच्या वयाचे असताना आमचाही हाच समज होता. पुढारी म्हणजे भाषण, भाषण म्हणजे टाळ्या. या समजापायी आम्ही या विहाराचं एक नुकसान केलेलं आहे. ते सांगितल्याशिवाय आज खाली बसायचं नाही, असं ठरवूनच आलो आहोत.

आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यात तेही होते. संपानंतर ते गावी आले ते कायमचेच, आणि दुसऱ्याच्या कांद्याच्या वावरात मजुरी करू लागले. आम्ही १९८९ साली, तेव्हा चालू असलेल्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर आत, नसला तर आल्या पावली खोलीवर परत. काम मिळालं ते रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात.

हे खातं आपल्या समाजाच्या वाट्याला का आलं, ते नव्या पिढीला ठाऊक असलं पाहिजे. कापड विणायच्या साचेखात्यात मजुरी जास्त मिळायची. पण तिथं धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपल्या माणसाला साचेखात्याचं दार बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. आम्ही लागलो तेव्हा ते दिवस सरले होते, तरी आमच्या आधीच्या पिढ्या ज्या खात्यात राबल्या तिथंच आम्हीही राबलो.

रिंग खात्यात शेकडो चात्या एकदम फिरत असतात. मधेच एखादा धागा तुटतो. त्याचा आवाज होत नाही, मशीन थांबत नाही, कुणी हाक मारत नाही. आपणच फिरत राहायचं, तुटलेला धागा हेरायचा, बोटाने सांधायचा आणि पुढे चालायचं. आठ तास हेच. वर्षानुवर्षं हे केल्यावर डोळ्याला एक सवय जडते. नीट चाललेल्या शंभर धाग्यांकडे लक्ष जात नाही, तुटलेल्या एकाकडे बरोबर जातं. सभेत बसलो तरी कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, ते आम्हाला आधी दिसतं. हिशेबाची वही उघडली की चुकलेला आकडा आधी दिसतो. हा आपला एक गुण आहे, हे आम्हाला वीस वर्षं कळलं नाही. आम्हाला तो पोटासाठी केलेल्या मजुरीचा भाग वाटायचा. गुण म्हणजे काय, तर स्टेजवरच्या वक्त्यांजवळ असतो तो, अशी आमची समजूत.

म्हणून आम्ही वक्त्यांची नक्कल करू लागलो. त्यांच्यासारखा आवाज चढवायचा, मधेच थांबायचं, बोट उगारायचं, सगळं पाठ केलं. गावच्या मुंबईकर मंडळाचे आम्ही चिटणीस झालो आणि २०११ सालच्या जयंतीला भाषणासाठी गावी आलो. त्या वेळी विहाराचा हिशेब एक वडीलधारे गृहस्थ ठेवत असत. त्यांना सगळे नाना म्हणत. आम्हीही नानाच म्हणायचो, त्यांच्या ओट्यावर लहानाचे मोठे झालो होतो. कार्यक्रमाच्या आधी तासभर आम्ही वही चाळली. साडेअकराशे रुपयांचा मेळ लागेना. आमच्या डोळ्यांनी तुटलेला धागा बरोबर हेरला होता. पण आम्ही काय केलं? नानांना बाजूला घेऊन विचारलं नाही. सरळ माईक हातात घेतला आणि भरल्या सभेत म्हणालो, समाजाच्या पैशाचा हिशेब द्या! टाळ्या पडल्या. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. आम्हाला वाटलं, आज आपण पुढारी झालो.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. ती रक्कम मंडपवाल्याला दिलेल्या उचलीची होती आणि वहीच्या मागच्या पानावर नानांच्याच अक्षरात लिहिलेली होती. आम्ही ते पान उलटलंच नव्हतं. तोवर आम्ही एसटीत बसून मुंबईच्या वाटेला लागलो होतो. नानांनी वही समितीच्या हवाली केली आणि विहारात येणं बंद केलं. त्यांच्या पाठोपाठ चार घरं येईनाशी झाली. मुंबईकर आणि गावकरी असे दोन तट पडले. दोन वर्षं जयंतीच्या दोन मिरवणुका निघाल्या, आणि रोज संध्याकाळी भरणारी मुलांची अभ्यासिका बंद पडली. ज्यांचा काडीचा दोष नव्हता त्या पोरांना त्याची किंमत मोजावी लागली.

आम्ही मुंबईत होतो, आमच्या अंगाला काही लागलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली आणि आमची पाळी संपली ती संपलीच. गावी आलो. हाताला काम नव्हतं, बोलायला सभा नव्हती. अशा दिवसांत माणूस स्वतःशी बोलायला लागतो. एकदा आम्ही आमच्या मंडळींना विचारलं, "खरं सांगा, आमच्यात गुण काय आहे?" आम्हाला वाटलं, त्या म्हणतील, तुम्ही बोलता छान. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोण आलं नाही ते दिसतं. पण तुम्ही त्याच्या घरी जात नाही, त्याचं नाव चारचौघांत घेता."

तीस वर्षं संसार केलेल्या माणसाने हे सांगितल्यावर मग आम्ही नानांच्या घरी गेलो. ते थकले होते, खाटेवर होते. आम्ही माफी मागितली. ते म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे रे. पण तू जागा चुकलास. आधी माझ्याकडे यायचं होतंस." एवढंच बोलले. वर्षभरात ते गेले.

मित्रांनो, नानांच्या या दोन वाक्यांत आजचा सगळा विषय आला. आपलं बळ कोणतं ते ओळखायचं, आणि ते कुठं वापरायचं तेही ओळखायचं. पहिलं जमलं आणि दुसरं चुकलं, तर गुणाचाच दोष होतो. हिशेबी माणूस संशयी होतो, धीट माणूस भांडखोर होतो, प्रेमळ माणूस सगळ्यांना होय होय म्हणून कामाचा खोळंबा करतो, आणि अभ्यासू माणूस दुसऱ्याला बोलूच देत नाही.

आता आपल्या चळवळीकडे बघू. आपण २० मार्च १९२७ म्हटलं की चवदार तळं डोळ्यांपुढे आणतो. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं आणि त्यांच्यामागे हजारो माणसांनी घेतलं. पण ती परिषद महाडला भरली कशी? रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा महाडजवळच्या लाडवलीचा तरुण होता. शाळकरी वयात त्याला महाडच्या इंग्रजी शाळेत घेईनात, तेव्हा या पोराने वर्तमानपत्राकडे दाद मागितली. मोठा झाल्यावर त्यानेच आपल्या भागात परिषद भरवावी म्हणून बाबासाहेबांना गळ घातली आणि गावोगाव हिंडून लोक तयार केले. माणसं जोडणं हे त्याचं बळ. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सवर्ण घरांतले सहकारी होते, त्यांनी आपलं वजन त्या पारड्यात टाकलं. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणी मिळत नव्हतं म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं होतं. ते पाणी भरणारे, सांभाळणारे, वाटणारे हातही होतेच की! त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांच्याशिवाय परिषद पार पडली नसती.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचं घ्या. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. मधल्या काळात बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी विलायतेला जावं लागलं. मागे नाशिकची आघाडी दादासाहेबांनी सांभाळली. आज तुरुंग, उद्या बहिष्कार, परवा माणसं थकलेली. अशा वेळी टिकून राहणं हे त्यांचं बळ होतं. म्हणून बाबासाहेबांनी त्यांना पत्रांमागून पत्रं लिहिली, त्यांच्यावर जबाबदाऱ्या टाकल्या. पुढे १९६४ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभर माणसांनी तुरुंग भरले, तेव्हाही पुढे होते ते दादासाहेबच.

आणि आपले वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईला आला तेव्हा त्याला अक्षर ओळखीचं नव्हतं. कुणीतरी पत्र वाचायला दिलं, ते वाचता येईना, त्याची लाज वाटली, आणि त्याने मोठेपणी अक्षरं गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले. पुढे त्यांच्या गाण्यांनी बाबासाहेबांचा विचार जात्यावर बसलेल्या बाईपर्यंत पोचवला. उणीव कोणती हे त्यांनी ओळखलं आणि ती भरून काढली, पण आयुष्य उभं केलं ते गळ्यातल्या आणि शब्दांतल्या बळावर.

लांब कशाला, आपल्याच जुन्नर तालुक्याचं उदाहरण सांगतो. आपल्याकडे शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका तालुक्यात एवढी लेणी देशात क्वचितच कुठं सापडतील. आपण सहलीला जातो, फोटो काढतो आणि परत येतो. पण भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेलं काय आहे? दान देणाऱ्यांची नावं. त्यात राजाचा अमात्य आहे, कल्याणचा माणूस आहे, परदेशातून आलेले यवनही आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांची आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी होती, त्यांच्याकडे दानाची ठेव ठेवलेली होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या मुलखात धम्म उभा राहिला तो असा. बुरूडकाम करणाऱ्यालाही तिथं मान होता, कारण त्याच्याकडे ठेव सांभाळण्याइतका विश्वास होता. त्याने भाषण केल्याचं कुठं कोरलेलं नाही.

आता स्वतःचे गुण शोधायचे कसे? आम्ही वहीत तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत, तेच तुम्हाला देतो.

पहिला प्रश्न, लोक मला कोणत्या कामासाठी हाक मारतात? कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, कुणाचा दाखला काढायचा असला, कुणाच्या घरी भांडण मिटवायचं असलं, तर वस्तीत प्रत्येक कामासाठी एकेक दार ठरलेलं असतं. तुमचं दार कशासाठी वाजतं ते बघा. आपल्याला जे वाटतं त्यापेक्षा लोकांना जे दिसतं ते बहुधा जास्त खरं असतं.

दुसरा प्रश्न, कोणतं काम केल्यावर मी दमतो पण कंटाळत नाही? आम्ही भाषणाच्या आधी आठ दिवस धास्तावलेले असायचो, आणि नंतर कुणी काय म्हणालं याचीच चौकशी करायचो. पण गैरहजर माणसाच्या घरी जाऊन तासभर बसलो तर जीव हलका होतो. हे ओळखायला आम्हाला पन्नाशी उलटावी लागली. तुम्ही एवढा उशीर करू नका.

तिसरा प्रश्न, माझ्या या गुणाने आजवर कुणाला दुखावलं आहे? हा प्रश्न टाळू नका. ज्याला उत्तर सापडणार नाही, त्याने घरच्यांना विचारावं, लगेच सापडेल.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण आमच्याकडे ना पैसा, ना जमीन, आमचं ऐकणार कोण? या शंकेचं उत्तर धम्मात आहे. तथागतांचा एक गृहस्थ उपासक होता, हत्थक आळवक. त्याच्यामागे पाचशे माणसं असत. एवढी माणसं तू एकत्र कशी ठेवतोस, असं तथागतांनी विचारलं. तो म्हणाला, तुम्हीच सांगितलेल्या चार गोष्टींनी. ज्याला दानाने जोडता येतं त्याला दान, ज्याला गोड बोलण्याने त्याला गोड बोलणं, ज्याला उपयोगी पडण्याने त्याच्या उपयोगी पडणं, आणि ज्याला बरोबरीच्या वागणुकीने त्याच्याशी बरोबरीने वागणं. त्याने प्रामाणिकपणे आणखी एक कबुली दिली, की माझ्या घरी संपत्ती आहे, गरिबाचं कुणी असं ऐकत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीही हीच रीत होती बघा! पण त्या चार गोष्टी पुन्हा मोजा. पैसा लागतो तो एकीला, उरलेल्या तिन्हींना एक रुपयाही लागत नाही. आणि तथागतांनी त्याची स्तुती केली, तेव्हा ती ऐकायला दुसरं कुणी गृहस्थ हजर नव्हतं ना, याचंच त्याला बरं वाटलं. आम्ही टाळ्या मोजत होतो, आणि हा माणूस स्तुती कुणी ऐकली नाही म्हणून समाधान मानत होता.

आता त्या मुलीला तिचं उत्तर देतो. ती इथंच बसली आहे, नाव घेत नाही. बाळ, आपल्याकडे उसात बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत आहे. अंधार पडला की आईबाप पोरांना बाहेर सोडत नाहीत. अभ्यासिका पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी याच कारणासाठी माना हलवल्या होत्या. तू कुणालाही न सांगता बॅटरी घेतलीस, पोरांच्या वस्तीवार टोळ्या केल्यास, निघताना मोजायचं आणि घरी पोचल्यावर पुन्हा मोजायचं असा नेम घातलास. आज अभ्यासिका चालू आहे ती आमच्या भाषणामुळे चालू नाही, तुझ्या या मोजणीमुळे चालू आहे. एवढ्या आयांनी आपली पोरं तुझ्या भरवशावर सोडली, तर तू काय कामाची हे विचारायची तुला गरजच नाही. समितीत ये. माईकवर बोलायला येईल तेव्हा येईल.

समितीलाही आमची एक विनंती आहे. पदं वाटताना कोण किती मोठ्याने बोलतो ते बघू नका. महिन्याच्या बैठकीत प्रत्येकाने शेजारी बसलेल्या माणसाचा एक गुण सांगावा, स्वतःचा सांगू नये. त्याची नोंद वहीत ठेवावी आणि काम आलं की ती वही उघडून माणूस निवडावा. बायाबापड्या मागे बसून राहतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. आज विहाराचा हिशेब एक भगिनी ठेवतात. त्या मागचं पानही भरतात आणि मागच्या पानाचा आकडा पुढच्या पानावर आणूनही लिहितात.

त्या भगिनी नानांच्या सूनबाई आहेत.

म्हणून शेवटचं जे बोलायचं ते त्यांच्या समोर बोलतो. नानांची माफी आम्ही त्यांच्या घरात, खाटेपाशी मागितली होती. पण आरोप घरात केला नव्हता. तो माईकवर, भर सभेत केला होता. जे माईकवर बोललो ते माईकवरच मागे घेतलं पाहिजे. एवढी वर्षं आम्हाला तेवढा धीर झाला नाही, हीसुद्धा आमचीच उणीव. तर आज, विहाराच्या वर्धापनदिनी, भन्तेजी आणि सर्व समाजाच्या साक्षीने सांगतो की २०११ साली नानांच्या हिशेबात एका पैशाचीही चूक नव्हती. चूक आमची होती. आम्ही पान उलटून पाहिलं नव्हतं. नानांच्या घरच्यांची आणि त्यांच्यासोबत दुखावलेल्या चारही घरांची आम्ही जाहीर माफी मागतो. त्यांतली तीन घरं आज इथं आहेत. चौथं घर आलेलं नाही. आमची नजर मघाशीच तिथं गेली होती. उद्या सकाळी आम्ही त्यांच्या दारी जाणार आहोत, आणि या वेळी हात जोडून जाणार आहोत.

 टाळ्या वाजवू नका, एवढी विनंती करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!